बावन्न किलोंची मुलगी

रविवारी जेवणं उरकली आणि घरचा बाप, ज्याला सगळे दुप्पट म्हणत, त्याने न्हाणीघरातला वजनकाटा उचलून बाहेरच्या खोलीत आणला. जमिनीवर ठेवून तो डुगडुगतोय का ते बोटाने दाबून पाहिलं, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, परत दाबलं. मग गॅलरीतून ग्रीसचा पाच किलोचा सीलबंद डबा आणून काट्यावर ठेवला. काट्याने पाच किलो तीनशे ग्रॅम दाखवले. तीनशे ग्रॅम डब्याचे, असं स्वतःशीच म्हणून त्याने मान हलवली. त्याचं समाधान झालं, तेवढ्यापुरतं.

पहिली ताई उभी राहिली. ताई म्हणजे त्याची अकरा वर्षांची मुलगी. धाकट्या भावाची ताई, म्हणून सगळ्या घराचीच ताई. चौतीस किलो. मग सात वर्षांचा भुंगा. हे नाव त्याला पाळण्यात असल्यापासून पडलेलं, कारण तो एका जागी थांबत नसे आणि गुणगुणायचा थांबत नसे. काट्यावर तो इतका हलला की आकडा वीस आणि चोवीसच्या मध्ये नाचत राहिला. शेवटी बापाने त्याचे खांदे धरले, मग आपल्याच हातांचं वजन पडतंय हे लक्षात येऊन सोडले. बावीस.

बायको दारात उभी होती, हातात पुसायचं फडकं. तिचा नंबर आल्यावर ती जागची हलली नाही.

"अठ्ठावन्न लिहा."

"एकदा उभी तर राहा."

"अठ्ठावन्न म्हटलं ना."

संसाराला तेरा वर्षं झालेल्या माणसाला काही आवाज ओळखता येतात. त्याने अठ्ठावन्न लिहिलं.

हा सगळा खटाटोप एका फॉर्मसाठी होता. शाळांच्या हिवाळी सुट्टीत चौघं बर्फावर स्की करायला जाणार होते. आयुष्यात पहिल्यांदा. स्की आणि बूट तिथल्या दुकानातून भाड्याने मिळणार होते, आणि दुकानाने प्रत्येकाचं वय, उंची, वजन, पायाचं माप आणि 'किती येतं' एवढं विचारलं होतं. शेवटच्या प्रश्नाला तीन उत्तरं होती: पहिल्यांदाच, मध्यम, तरबेज.

दुप्पटने फॉर्म आधी चौकटीच्या कागदावर उतरवला. ताई चौतीस. त्यात गरम कपडे चार. पाठीवरची पिशवी तीन. झाले एक्केचाळीस. त्यावर पाव भाग वाढवून सव्वाएक्कावन्न. अर्धवट आकडा नेहमी वरच्या बाजूला न्यायचा, म्हणून बावन्न. कपडे आणि पिशवी अंगाप्रमाणे कमीजास्त धरून याच हिशेबाने भुंगा चौतीस झाला, बायको त्र्याऐंशी आणि एकाहत्तर किलोचा तो स्वतः नव्व्याण्णव. 'किती येतं'च्या रकान्यात त्याने चौघांसमोर 'मध्यम' लिहिलं. पहिल्यांदाच म्हटलं की दुकानदार जुनापुराणा माल गळ्यात मारतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुठून ठाऊक, ते विचारायचं नाही.

फॉर्म पाठवला आणि पाच मिनिटांनी उठून तो गेलाय का ते पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

*

दुप्पट हे नाव त्याला कामावर मिळालं. तो लिफ्टचा मेकॅनिक. शहराच्या एका भागातल्या त्रेचाळीस लिफ्ट त्याच्या अंगावर होत्या आणि त्यातली प्रत्येक तो आवाजावरून ओळखायचा. नवशिका असताना त्याच्या डोळ्यांदेखत एक प्रकार घडला होता. एका कचेरीत आठ माणसांच्या लिफ्टमध्ये अकरा जण हसत-खिदळत घुसले आणि लिफ्ट दार उघडं ठेवूनच अर्धा मजला खाली घसरली. मग ब्रेकने पकडली. कुणाला खरचटलंही नाही. अकराही जण चढून बाहेर आले, कपडे झटकले आणि कामाला लागले. तो मात्र त्या दिवसापासून आठच्या जागी सोळा धरायला शिकला. कुठलंही काम झालं की रिकाम्या लिफ्टमधून एकट्याने तीन वेळा वर-खाली केल्याशिवाय तो हत्यारं आवरत नसे. दोर तपासायला सांगितला तर दोन्ही टोकांपासून तपासे. सोबती हसायचे. हसता हसता त्यांनी बारसं करून टाकलं.

कामावर हा गुण होता. त्याच्या लिफ्ट सगळ्यात कमी बंद पडत. घरात मात्र हाच गुण ओल्या गोणपाटासारखा जड व्हायचा. समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा त्याने होडीवाल्याला फोन करून किती माणसांमागे किती तरंगती जाकिटं आहेत ते विचारलं, उत्तर पटलं नाही, बेत रद्द. तळ्याकाठी तंबूत राहायचं ठरलं, तर आदल्या दिवशी एका इस्पितळाच्या लिफ्टमधून त्याला नवाच आवाज येऊ लागला. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येईना, पण तो जागचा हलेना. मेव्हणीकडे जायचं होतं ते गाडीच्या मागच्या टायरवर अडलं. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं. म्हणूनच भांडता यायचं नाही.

स्कीचं खूळ बायकोने आणलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची. एक दिवस तिच्याकडे एक गिऱ्हाईक आलं. चेहरा उन्हाने तांबडालाल आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं, घुबडासारखी. बर्फात पडला, चष्मा हरवला, म्हणून नवा करायला आलेला. काचा तयार होईपर्यंत तो बाकावर बसून पडल्याच्या गोष्टी सांगत होता आणि एकटाच हसत होता. एवढा पडलेला माणूस एवढा खूश कसा, हे तिच्या डोक्यातून जाईना. घरी येऊन तिने चपला काढायच्या आधी सांगितलं, की या सुट्टीत आपण बर्फावर जायचं. पोरांना शिकवणारी शाळा आहे, स्वस्तातली खोली आहे, सकाळी इथून बस सुटते. नंतर पोरं दुसऱ्या खोलीत गेल्यावर, आवाज न चढवता, तिने उरलेलं सांगितलं.

"या वेळी तुम्ही नको म्हणालात तर आम्ही तिघं जाऊ. तुम्ही घरी बसून कड्या तपासा."

ती बोलली म्हणजे करणार. मनातल्या मनात त्याने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. तिघं तिकडे, त्याच्याशिवाय, बर्फात. आणि तो इथे, खिडकीत. म्हणून तो हो म्हणाला. हो म्हणाला खरा, पण तेव्हापासून त्याला बसल्या जागी बसवेना. जेवताना पाय हलायचा. गुडघ्यावर बोटं एकापाठोपाठ एक दाबली जायची, जशी काही तिथे मजल्यांची बटणंच होती.

*

सुट्टीला आठवडा उरला. दुप्पटची यादी चार पानांवर गेली. हातमोजे प्रत्येकी दोन जोड, म्हणून चार. रस्ता बंद झाला तर, बस बंद पडली तर, खोलीची किल्ली हरवली तर. ताईने एकदा यादी वाचून काढली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, की बर्फच वितळला तर काय ते कुठल्या पानावर आहे. त्याने खरोखर पान उलटलं.

डोंगरावर माणसांना वर नेणारे दोरावरचे पाळणे असतात हे त्याला माहीत होतं. दोर म्हटल्यावर तो गप्प कसा बसणार? त्याने त्या डोंगराच्या कचेरीला फोन लावला आणि दोर कधी बदलला, तपासणी कुणी केली, तारा किती तुटलेल्या सापडल्या, असं सगळं विचारलं. पलीकडचा माणूस सभ्य होता. तारखा त्याने वाचून दाखवल्या. तिसऱ्यांदा फोन गेला तेव्हा म्हणाला, "दादा, तुम्ही पहिल्यांदाच येताय ना? मग तुम्ही पाळण्यात बसणारच नाही. नवीन माणसांना खालच्या मैदानात ठेवतात. तिथे जमिनीवरून सरकणारा पट्टा आहे, त्यावर उभं राहायचं, बस." दुप्पटला क्षणभर हायसं वाटलं. मग त्याने विचारलं, की पट्ट्यात बुटाची नाडी अडकली तर तो थांबवायचं बटण कुठे आहे.

खरी गाठ होती ती वेगळ्याच ठिकाणी. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की वाजणारा एक फोन होता आणि तो गेली सतरा वर्षं दुप्पटकडे होता. नियमाने तो दर आठवड्याला दुसऱ्याकडे जायला हवा. इतरांना नको होता आणि याला सोडवत नव्हता, त्यामुळे सगळेच सुखी होते. आता तो मामांकडे द्यायचा होता. मामा कुणाचे मामा होते कोण जाणे, पण सगळा विभाग त्यांना मामाच म्हणायचा. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दुप्पटने त्यांच्यासाठी त्रेचाळीस लिफ्टच्या तऱ्हा एका वहीत लिहून काढल्या. कुठली पावसाळी हवेत कुरकुरते, कुठलीचं दार चौथ्या मजल्यावर अडतं.

मामांनी वही हातावर तोलली. "अरे, यातल्या तीस तर मीच बसवल्यात," ते म्हणाले. "तुला कुणी शिकवलं, आठवतंय? का तेही लिहिलंयस?"

तो हसला नाही. फोन शुक्रवारी देतो म्हणाला. मामांनी आत्ताच दे म्हणून हात पुढे केला. त्याने तो शुक्रवारीच देतो असं पुन्हा सांगितलं आणि खिशावर हात ठेवून निघाला.

*

गुरुवारी सकाळी तो एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून दाराच्या वरच्या रुळांना तेल देत होता. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबवलेली. चारी बाजूंना विटा, डोक्यावर दोर, शेजारी पिंजऱ्यातला एक दिवा. त्याला जगात सगळ्यात निवांत वाटणारी जागा हीच होती. एवढ्यात त्याचा स्वतःचा फोन वाजला. स्कीच्या दुकानातली बाई बोलत होती.

आवाज ताजातवाना, मागे कुणीतरी बूट आपटत होतं. ती म्हणाली, की तुमचा फॉर्म बघत होते, जरा खात्री करायची होती. मुलगी अकरा वर्षांची, उंची एकशे बेचाळीस. वजन बावन्न?

दुप्पट म्हणाला, हो.

मुलगा सात वर्षांचा आणि चौतीस किलो? आणि आपण नव्व्याण्णव? ती थोडी घुटमळली. सगळंच कुटुंब असं असतं कधीकधी, त्यात लाजायचं काही नाही, पण आकडे खरे हवेत.

तेव्हा त्याने तिला अभिमानाने आपला हिशेब सांगितला. कपडे, पिशवी, वर पाव भाग. तो लिफ्टमध्ये काम करतो, तिथे भार नेहमी वाढवूनच धरतात. भार जास्त धरला की पकड मजबूत बसते.

पलीकडे बूट आपटायचे थांबले.

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल त्या वजनावर मी बूट आणि स्कीमधली पकड आवळते. माणूस पडला की स्की पायातून सुटायला हवी. ती लांब फळी असते, बर्फात रुतते, फिरते. सुटली नाही तर पाय तिच्याबरोबर फिरतो. बावन्न किलोवर आवळली असती तर तुमच्या चौतीस किलोच्या मुलीला ती सुटली नसती. त्यात तुम्ही मध्यम लिहिलंय, म्हणजे आणखी आवळ."

दुप्पटने डोक्यावरच्या दोराकडे पाहिलं.

"ऐकताय ना? आमच्याकडे न सुटणारी पकडच पाय मोडते."

तो ऐकत होता. तिने पुढे सांगितलं की घाबरायचं कारण नाही, दुकानात आल्यावर ती सगळ्यांना स्वतः काट्यावर उभं करतेच, आणि पकड सुटते की नाही ते समोर सोडून दाखवते. हवं तर तीन वेळा. पण नवे आकडे आजच पाठवले तर बरं. त्याने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तेलाचा डबा हातात तसाच होता. वीस वर्षं त्याने जे काही केलं ते धरून ठेवायला केलं. आणि रविवारी दुपारी, आपल्या घरात, काट्याखाली पुठ्ठा सरकवून, नीट हिशेब करून, त्याने आपल्या पोरीचा पाय मोडायची तयारी केली होती. त्या बाईने आकडे डोळ्यांखालून घातले नसते तर? काटा बिघडलेला असता तर? तिला त्या दिवशी गर्दी असती तर? खालून दवाखान्याचा माणूस हाका मारू लागला, लिफ्ट कधी चालू होणार म्हणून. चाचणीसाठी दुप्पट वर-खाली गेला ते पाच वेळा.

*

संध्याकाळी घरात बॅगा उघड्या पडल्या होत्या. भुंगा डोळ्यांवर बर्फाचा मोठा चष्मा चढवून खुर्चीवरून गादीवर उड्या मारत होता. दुप्पट उंबऱ्यातच उभा राहिला आणि बूट न काढता म्हणाला, "नको जाऊया."

कुणीच ओरडलं नाही. बायकोने हातातला स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला. ताईने पुस्तकातून मानही वर केली नाही, फक्त भावाला म्हणाली, "खिडकी माझी."

"कुठली खिडकी?" त्याने विचारलं.

उत्तर भुंग्याने दिलं. त्याने चष्मा काढला तेव्हा आत डोळे भरले होते. बसमधली खिडकीची जागा कुणाची यावर दोघांची पैज लागली होती, पंधरा दिवसांपूर्वी. बाबा शेवटी नको म्हणणार, असं ताईचं म्हणणं होतं.

"मी तुमच्यावर लावली होती," तो म्हणाला आणि उताणा पडून पाय आपटू लागला.

दुप्पट खुर्चीवर बसला. मग उठला. मग बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन त्याने सगळं सांगितलं. बावन्न, चौतीस, आवळ, फिरणारा पाय. सांगताना त्याचा हात ओट्यावर एकसारखा बोटं दाबत होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या गोष्टीतलं आपल्याला काडीचं कळत नाही, जिथे आपली काळजीच उलटी पडते, तिथे पोरांना न्यायचं कशाला.

त्याचं संपल्यावर तिने नळ बंद केला.

"माझ्या दुकानात एखाद्याला दोनचा नंबर लागतो," ती म्हणाली. "मी प्रेमाने अडीचचा दिला तर त्याला जास्त दिसतं का?"

"नाही."

"काय होतं?"

"डोकं दुखतं."

"गरगरतं. जिना उतरताना पडतो. म्हणून मी काय दुकान बंद करते? दोनचा देते." ती हात पुसत त्याच्याकडे वळली. "तुम्ही कुठल्याच गोष्टीचा खरा आकडा कधी लिहितच नाही. होडीचा नाही, टायरचा नाही. मग रद्द करायला कारण सापडतंच."

तो म्हणाला, की टायर खरंच झिजला होता.

"झिजला होता. दुसरा घालायचा होता."

बाहेर भुंग्याचे पाय आपटणं थांबलं होतं. म्हणजे दोघंही दाराशी येऊन ऐकत होती. दुकानातल्या बाईचं एक वाक्य सकाळपासून दुप्पटच्या डोक्यात फिरत होतं, आणि ते पाय मोडण्याचं नव्हतं. समोर सोडून दाखवते. हवं तर तीन वेळा. दुसरं कुणी असं बोललेलं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. मामांनीसुद्धा दोनवरच थांबायला शिकवलं होतं.

त्याने फोन काढला, दुकानाला लावला आणि दार उघडं ठेवूनच बोलू लागला. मुलगी चौतीस. हो, नुसती, कपड्यांशिवाय. मुलगा बावीस. मी एकाहत्तर. किती येतं? इथे तो अडखळला. "पहिल्यांदाच," तो म्हणाला. "चौघंही. काही येत नाही."

मग बायकोचा आकडा आला. "अठ्ठावन्न," त्याने सांगितलं.

"बासष्ट," बायको मागून म्हणाली.

त्याने वळून पाहिलं.

"बघताय काय? बासष्ट सांगा. कमी सांगितलं तर चालता चालताच सुटेल ना ती."

दाराआड ताई फिसकन हसली. फोनवरच्या बाईने ते ऐकलं असावं, कारण ती म्हणाली की असं दर घरात एक तरी असतं, आणि तिने बासष्ट लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर भुंगा आत आला. त्याला एकच गोष्ट हवी होती: पैज आता कोण जिंकलं? ताईचं म्हणणं पडलं, की बाबा नको म्हणाले हे सगळ्यांनी ऐकलंय, तेव्हा खिडकी तिची. भुंग्याचं म्हणणं, बस सुटेपर्यंत पैज संपत नाही. न्यायनिवाडा बापाकडे आला. बापाने सांगितलं, की भुंग्याचं बरोबर आहे, बस सुटेपर्यंत काही खरं नाही. हे त्याने ज्या सुरात सांगितलं त्याने बायकोने कपाळावर हात मारला.

*

शुक्रवारी त्याने फोन मामांच्या हातात ठेवला. चार्जर दिला. दुसरा चार्जर दिला. मामांनी दोन्ही घेतले आणि पाठ फिरवली, म्हणजे त्याला परत काही सांगता येऊ नये. रस्त्यावर त्याचा हात सतरा वेळा रिकाम्या खिशाकडे गेला.

शनिवारी बस सुटली आणि खिडकीत भुंगा होता.

दुकान लाकडी फळ्यांचं होतं आणि आत ओल्या लोकरीचा वास होता. बाई फोनवर वाटली होती त्यापेक्षा बरीच वयस्क निघाली, चष्मा डोक्यावर, खिशात स्क्रूड्रायव्हर. तिने चौघांना काट्यावर उभं केलं. काट्याखाली पुठ्ठा नव्हता हे दुप्पटने पाहिलं आणि तोंड मिटून ठेवलं. मग ताईचा बूट पकडीत बसवून तिने तो दोन्ही हातांनी बाजूला पिळला. खट्. बूट मोकळा झाला. पुन्हा बसवला, पुन्हा पिळला. खट्. दुप्पट कान पुढे करून ऐकत होता. तिसऱ्यांदा खट् झालं तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि ताई म्हणाली, "बाबा, पुरे." बाईने तरी चौथ्यांदा पिळून दाखवलं, त्याच्याकडे न बघता.

मैदान जवळजवळ सपाट होतं. शिकवणाऱ्याने पोरांना पाय आत वळवून थांबायचं कसं ते दाखवलं आणि दुसऱ्या रांगेकडे गेला. ताई चार-पाच हात सरकली, हात पसरले, वेग वाढला, आणि एका कुशीवर पडली. दुप्पटला ते ऐकू आलं. खट्. एक स्की सुटून उतारावर निघाली.

तो धावला. त्या बुटांत माणूस धावत नाही, कपाट सरकवल्यासारखा सरकतो. स्की सैरावैरा खाली जाणार, कुणाला तरी लागणार, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. पण स्की वीतभर गेली आणि थांबली. तो तिच्यापाशी पोचला, गुडघ्यांवर बसला. पकडीच्या दोन्ही बाजूंनी दोन छोटे दांडे खाली उतरून बर्फात रुतले होते. त्याने पकड बोटाने दाबली, दांडे वर गेले. बोट काढलं, दांडे खाली आले. स्प्रिंग. बूट असेपर्यंत ब्रेक उघडा, बूट सुटला की बंद. वीज गेली की आपोआप आवळतो तो लिफ्टचा ब्रेक त्याने हजार वेळा उघडून साफ केला होता. हा त्याचाच भाऊबंद होता. त्याने आणखी एकदा दाबून पाहिलं.

"बाबा," मागून आवाज आला. "पडलेय मी. ती नाही."

ताई बर्फात बसली होती, टोपी वाकडी, नाकावर बर्फ. तो स्की घेऊन आला, तिचा पाय घोट्यापाशी हळूच हलवून पाहिला, मग दुसराही, जो पडलाच नव्हता. तिने डोळे फिरवले. त्याने तिला उभं केलं, बूट पकडीत बसवला आणि दोन्ही हातांनी तिचा दंड धरून राहिला.

"सोडा आता," ती म्हणाली.

त्याने सोडलं. ती या वेळी दहा हात गेली, पाय आत वळवायला विसरली आणि बसकण मारून पडली. पट्ट्यापाशी आईचा हात धरून उभ्या असलेल्या भुंग्याने तिथूनच ओरडून विचारलं, "सुटली का?"

"सुटली," दुप्पट म्हणाला आणि तिकडे सरकत निघाला.